वेणुग्रामातली पहिली फुंक

बासरी शिकायला बसलेल्या माणसाची बासरी पहिले काही दिवस वाजतच नाही. फुस्स असा नुसता वारा निघतो. ओठ कधी जास्त ताणले जातात, कधी सैल पडतात. फुंकेच्या भोकावर ओठाची कड नेमकी कुठे टेकवायची ते सापडत नाही, आणि सापडलं असं वाटेपर्यंत नळी अर्ध्या सुताने फिरलेली असते. पाच मिनिटं जीव तोडून फुंकलं की डोकं गरगरतं, कारण गरजेपेक्षा किती तरी जास्त श्वास बाहेर टाकला गेलेला असतो. बेळगावच्या टिळकवाडीत असो, शहापुरात असो की निपाणीत, बासरीच्या शिकवणीतलं सुरुवातीच्या दिवसांचं चित्र हेच. मग शिकवणारा नळी काढून घेतो, सोड्याची रिकामी बाटली हातात देतो आणि तिच्या तोंडावर आडवी फुंकर घालायला लावतो. बाटली घुमली की म्हणतो, "आता हीच फुंक इथं. बारीक असू दे, खरं तुटू देऊ नको." सीमाभागातल्या बोलीत 'खरं' म्हणजे 'पण'. त्या एका 'खरं'मध्ये बासरीची निम्मी विद्या आहे.

जे टिकतात त्यांना एके दिवशी अचानक सूर लागतो. जे टिकत नाहीत त्यांची बासरी कपाटावर जाते. मोठ्या माणसाचं ठीक आहे, तो ठरवून आलेला असतो. आठ-नऊ वर्षांच्या पोराचं काय? त्याला आज फुंकायचं आणि आजच ऐकायचं असतं. चार दिवस नुसता वारा निघाला की त्याच्या मनात पक्कं बसतं की आपल्याला हे जमणार नाही. संगीत शिकण्याच्या वाटेवरचं हे सगळ्यात मोठं नुकसान आहे, आणि ते टाळता येण्यासारखं आहे. ते कसं, हे पाहायला थोडं लांब, जावा बेटावर जावं लागतं.

जावाच्या पश्चिम भागात सुंदा लोकांचा मुलूख आहे. त्यांच्या बांबूच्या बासरीला 'सुलिंग' म्हणतात. ती उभी धरतात, आणि ती नवशिक्याच्या पहिल्याच फुंकेला वाजते. याचं कारण तिच्या तोंडाच्या घडणीत आहे. तामियांग नावाच्या पातळ सालीच्या, लांब कांड्याच्या बांबूचा तुकडा घेतात. वरच्या टोकाची गाठ तशीच राखतात, म्हणजे ते टोक आपोआप बंद राहतं. गाठीच्या अंगावर एक उथळ खाच तासतात आणि खाचेच्या पायथ्याशी एक बारीक झरोका पाडतात. मग वेताची किंवा बांबूच्या कामटीची पातळ कडी गाठीभोवती घट्ट बसवतात. कडी आणि खाच यांच्यामध्ये जी फट उरते तिच्यातून वारा जातो आणि थेट झरोक्याच्या धारेवर आपटतो. धारेवर आपटलेला वारा आत-बाहेर हेलकावू लागतो, नळीतली हवा थरथरते आणि सूर निघतो. आडव्या बासरीत वाऱ्याला त्या धारेपर्यंत नेण्याचं काम ओठांना करावं लागतं. सुलिंगमध्ये ते काम कडी करते. शिकणाऱ्याने कडीला ओठ टेकवून श्वास सोडायचा, बस्स.

म्हणून सुलिंग सोपी आहे असं मात्र नाही. पहिला सूर सोपा आहे. दुसऱ्या दिवसापासून खरी शिकवणी सुरू होते. भोकं सहा असतात, काही प्रकारांत चारच. फुंक किंचित वाढली की सूर वरच्या सप्तकात उडी मारतो, त्यामुळे श्वासाचं वजन सतत तोलावं लागतं. सुंदा स्वरांची नावं दा, मी, ना, ती, ला अशी पाच, आणि त्यांची मोजणी वरून खाली होते: एक नंबरचा 'दा' सगळ्यात उंच. ही पद्धत माच्यार आंग्गा कुसुमादिनाता या संगीतज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. तिथल्या 'देगुंग' स्वरमालेचे पाच स्वर आपल्या कानाला सा, ग, म, प, नी असे ऐकू येतात. तिलंगाच्या आरोहाशी त्यांचं नातं चटकन लागतं, जरी स्वरांची नेमकी उंची पेटीशी जुळत नसली तरी. बोटांची थरथर, हिसके, कंप या अलंकारांना तिथे 'केलेतेर', 'पुरुलुक', 'विविव' अशी कानाला ऐकू येईल तशीच नावं आहेत. कचापी या तंतुवाद्याच्या संगतीने सुलिंग वाजू लागली की गाणाऱ्याची जागा तीच घेते. या गायकीसाठी लागणारी सुलिंग साधारण 60 सेंटिमीटर लांब असते आणि तिची ओळखही लांबीवरून सांगतात, जशी आपल्याकडे पांढरी तीनची किंवा काळी एकची बासरी म्हणतात.

इंडोनेशियात अशा बासऱ्यांचे अनेक प्रकार आहेत. बालीतल्या 'गांबुह' या जुन्या नृत्यनाट्यात जवळजवळ मीटरभर लांब बासऱ्या वाजतात आणि वादक श्वास न तोडता, गालात वारा साठवून नाकाने श्वास घेत सलग वाजवत राहतात. आपल्या लग्नातला सुराची सनई धरणारा माणूसही हेच करत असतो, कुणी त्याच्याकडे फारसं पाहत नाही इतकंच. गांबुहसह बालीच्या नृत्यांना 2015 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिलं. पश्चिम सुमात्रात, मिनांगकाबाऊ लोकांमध्ये, उभ्या बासरीचा एक प्रकार आहे, त्याचं नाव 'बन्सी'. संस्कृत 'वंश' म्हणजे बांबू. आपल्या बन्सीचं नाव समुद्रापलीकडे ऐकू यावं, याने मन भरून येतं.

आता घरी परत येऊ. सुलिंगची जी युक्ती आहे, ती मराठी मुलखाला नवी नाही. तिचं आपल्याकडचं नाव अलगूज. पावाही त्याच कुळातला. आडवी धरायची ती बासरी किंवा मुरली; उभं, तोंडात धरून वाजवायचं ते अलगूज. त्यात बाहेरून कडी नसते, आतून गुल्ली असते. तोंडाकडचं टोक तिरकं कापायचं, आत लाकडाची गुल्ली ठोकायची, गुल्लीची वरची बाजू सपाट तासून वाऱ्याला फट ठेवायची आणि फटीच्या समोर झरोका पाडायचा. तत्त्व तेच, ओठाऐवजी लाकडाने वाऱ्याला वाट दाखवायची. संतांच्या गवळणींमध्ये कृष्णाच्या हातात मुरलीइतकाच पावा असतो. मेंढरांमागे रान तुडवणाऱ्या धनगराचं चित्र काढायचं तर घोंगडं आणि काठीसोबत पावा येतोच.

आज निपाणीजवळच्या आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत किंवा पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत गेलं तर ढोल-कैताळांचा वालंग अंगावर येतो, भंडाऱ्याने आभाळ पिवळं होतं. खेळण्यांच्या पालावर मात्र पोरांच्या हाती पडते ती प्लॅस्टिकची पिपाणी. तिची भोकं कुठल्याही स्वराला नसतात. पोर ती दोन दिवस वाजवतं, घरचे वैतागतात, तिसऱ्या दिवशी ती तुटते. पाव्याची जागा या पिपाणीने घेतली, आणि जाणत्या घरांनी अलगुजाला 'पोरांचं खेळणं' म्हणून बाजूला सारलं. शिकायचं तर एकदम मोठी आडवी बासरी, नाहीतर काहीच नाही, असा हा दुहेरी तोटा झाला.

हे बेळगावात व्हावं याचं वाईट जास्त वाटतं, कारण या गावाच्या नावातच बांबू आहे. जुन्या लेखांमधलं बेळगावचं नाव वेणुग्राम. वेणू म्हणजे बांबू आणि वेणू म्हणजे बासरीही. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, 1204 मध्ये, त्याचा मंत्री बिचिराज याने किल्ल्यातली कमल बस्ती उभारली. त्याच सालाचे बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे सौंदत्तीहून रट्टांची राजधानीच वेणुग्रामला आली. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी दप्तरात शहर बेळगावी झालं. मराठी घरात बासरी, शेजारच्या कानडी घरात कोळलु. मराठीत बांबू, कानडीत बिदिरु. नावावरून इथे पुष्कळ वाद झाले, पण बांबूचं गाव ही ओळख दोन्ही भाषांना सारखीच लागू पडते.

गाणं तर या मातीत आहेच. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. शहरातलं मोठं रंगमंदिर त्यांच्या नावाने उभं आहे. बैलहोंगलने के. जी. गिंडे दिले. रामभाऊ विजापुरे यांनी बेळगावात राहून कित्येक दशकं पेटी शिकवली. 1917 मध्ये जन्मलेला हा माणूस 2010 मध्ये गेला, तोवर त्यांच्या हाताखालून पिढ्या गेल्या. घरोघरी पेटी असण्याची ही सवय उगाच लागलेली नाही. पट्टी दाबली की सूर येतो. चुकीचा येईल, पण येतो. भजनी मंडळातला पोरगा पेटीला चिकटतो तो त्यामुळेच. बासरीच्या बाबतीत हीच सोय अलगूज करतं.

आडव्या बासरीला शास्त्रीय मैफलीत मान मिळाला तो मात्र फार अलीकडे. बारिसालमध्ये 1911 साली जन्मलेल्या पन्नालाल घोषांनी छोट्या बासरीने ख्यालाचं वजन पेलणार नाही हे ओळखलं, वेगवेगळ्या पदार्थांच्या नळ्या करून पाहिल्या, आणि शेवटी सुमारे 32 इंचांच्या बांबूवर येऊन थांबले. सातवं भोकही त्यांचंच. त्यांचे शिष्य आणि जावई देवेंद्र मुर्डेश्वर सावनूरचे, म्हणजे जुन्या धारवाड जिल्ह्यातले. धारवाडचं आकाशवाणी केंद्र 1950 मध्ये आणि सांगलीचं 1963 मध्ये सुरू झालं, आणि बेळगाव-निपाणीच्या घरांत रेडिओवरून बासरी येऊ लागली. ती ऐकूनच लोकांनी ठरवलं की बासरी म्हणजे हीच. पन्नालालजींची बासरी ऐकून कुणालाही तसं वाटावं. पण ती बासरी पैलवानाच्या श्वासाची आणि लांब बोटांची आहे. पन्नालालजी खरोखरच व्यायामशाळेत घडलेले मुष्टियोद्धे होते. दुसरीतल्या पोराच्या हाती ती देणं म्हणजे अंगणात रांगणाऱ्याला पारगड चढायला लावणं.

त्या मोठ्या बासरीचा बांबूही इथला नाही. भारतातल्या बासऱ्या मोठ्या प्रमाणावर उत्तर प्रदेशातल्या पिलिभीतला बनतात, आणि त्यांचा बांबू आसामातल्या सिलचर भागातून येतो. तो 'डोलू', शास्त्रीय वंश शिझोस्टॅकियम. जावाचा तामियांगही याच वंशातला. साल पातळ, कांडं लांब आणि सरळ, म्हणून लांब नळीला तो उत्तम. खानापूरच्या रानातले आपले बांबू वेगळ्या वळणाचे. मेस जवळजवळ भरीव, लाठीला चांगला. चिवा आणि माणगा काठ्यांना, मांडवाला, शेतीला. काटेरी कळक पोकळ, पण साल जाड आणि कांडं आखूड. मोठ्या बासरीला यातलं काहीच चालत नाही. छोट्या अलगुजाला मात्र कळकाच्या शेंड्याकडचं एक बारीक, पोकळ कांडं पुरतं.

कळकाची एक गोष्ट सांगायलाच हवी. पश्चिम घाटातला बांबू कसा आटला याचा अभ्यास माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात केला. दांडेलीच्या कागद गिरणीला सरकार बांबू देत होतं टनाला दीड रुपया दराने, आणि बुरुडांना तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागत होता, तोही मिळेनासा झाला होता. बुरुडांची तक्रार होती की गिरणीने रान ओरबाडलं. वनखातं गुरांना आणि गावकऱ्यांना दोष देत होतं. गाडगीळांनी बेटं जवळ जाऊन पाहिली तेव्हा एक बारीक गोष्ट दिसली. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं आणि कोवळे कोंब त्याच्या आडोशाने वाढतात. तोड सोपी व्हावी म्हणून ते जाळं साफ केलं जायचं. मग उघडे पडलेले कोंब गुरं आणि वानरं खाऊन टाकायची, आणि बेट म्हातारं होत जायचं. आपण रान वाढवतो आहोत या समजुतीनेच ते मारलं जात होतं. जिथे सुपं-टोपल्या करणाऱ्याला बांबू मिळेना तिथे पावा करणाऱ्याला कोण विचारणार?

एक अडथळा आता दूर झाला आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने भारतीय वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून जंगलाबाहेरचा बांबू वगळला. बांधावर लावलेलं बेट तोडायला, वाहून न्यायला वनखात्याच्या त्या कलमाची आडकाठी उरली नाही. खानापूर, चंदगड, आजरा या पट्ट्यातल्या बांधांवर बेटं आहेतच.

अलगूज करायला लागतं काय? थंडीत, रस खाली उतरल्यावर तोडलेला पक्का बांबू. गावाकडचे लोक अंधाऱ्या पाखात तोडतात. बांबूत पिष्ट जास्त असलं की घुण लवकर लागते, म्हणून हंगाम पाहूनच तोडलेला बरा. तो सावलीत महिने-दोन महिने वाळवायचा. उन्हात टाकला की उभी चीर पडते. मग पाऊण ते एक फुटाचं कांडं कापून आतला पापुद्रा खरवडून काढायचा. भोकं कोयत्याने किंवा चाकूने पाडायची नाहीत, तापून लाल झालेल्या सळईने जाळायची, म्हणजे कड फाटत नाही. सळई टेकली की चर्र होतं, गोडूस जळका वास येतो आणि नळीच्या दोन्ही तोंडांतून निळसर धूर निघतो. भोक आधी बारीकच ठेवायचं. पेटीशी सूर लावून पाहायचा, उतरलेला वाटला तर कानसीने भोक थोडं थोडं मोठं करायचं. एकदा मोठं झालेलं भोक लहान होत नाही, म्हणून कारागिराचा हात इथे फार सावकाश चालतो. दोन्ही टोकांना दोऱ्याचे वेढे, आतून तेलाचा हात, आणि वाद्य तयार.

इथल्या हवेचंही भान हवं. बेळगावचा पावसाळा बांबू फुगवतो, फाल्गुनातला कोरडा वारा तो आवळतो, वेढे त्यासाठीच. शिवाय हवा तापली की सूर चढतो. तापमान दहा अंशांनी वाढलं तर सूर अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने वर जातो. डिसेंबरातल्या पहाटे वर्गात लावलेली बासरी एप्रिलच्या दुपारी पेटीशी भांडते ती याच कारणाने. तबल्याला हातोडी आहे, तंबोऱ्याला खुंटी आहे. बासरीला फक्त वाजवणाऱ्याचा श्वास आहे. म्हणून वाजवण्याआधी दोन मिनिटं नळीत नुसता ऊन श्वास सोडायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावलेली चांगली.

अलगुजावर वर्षभर हात बसलेलं पोर आडव्या बासरीकडे वळतं तेव्हा निम्मं काम झालेलं असतं. बोटांना भोकं झाकायची सवय असते, कडेने वारा गळला तर सूर किंचाळतो हे कानाला ठाऊक असतं, सा-रे-ग-म डोक्यात घर करून बसलेलं असतं. आता फक्त ओठ शिकायचे उरतात. वरची तीन भोकं झाकली की सा, दोन झाकली की रे, एक झाकलं की ग, पहिलं अर्धं झाकलं की शुद्ध म, सगळी उघडी टाकली की तीव्र म: हा आडव्या बासरीचा पहिला पाठ त्याला आठवड्यात येतो. पुढे ज्याला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा द्यायच्या असतील त्याने त्या द्याव्यात, ज्याला नुसतं भजनात वाजवायचं असेल त्याने तेवढंच करावं. शास्त्रीय बासरी शिकवणाऱ्यांपैकी काहींना उभ्या वाद्याने ओठांना वाईट सवय लागेल अशी धास्ती वाटते. मोठ्या शिष्याच्या बाबतीत ती रास्त असेल. लहान पोराच्या बाबतीत निवड वाईट सवय आणि चांगली सवय यांच्यात नसतेच. ती वाजवणं आणि सोडून देणं यांच्यात असते.

इंडोनेशियाने ही गोष्ट फार आधी ओळखली. बांबूच्या नळ्या हलवून वाजवायचं 'आंगक्लुंग' हे तिथलं लोकवाद्य. 1938 मध्ये बांडुंगच्या दाएंग सुतिग्ना या शिक्षकाने ते शाळेतल्या पोरांना कुठलंही गाणं वाजवता येईल अशा स्वरांत बसवलं. एका पोराच्या हाती एक स्वर, वर्ग मिळून गाणं. 1966 पासून बांडुंगमध्ये उजो यांची बांबू-वाद्यशाळा चालते. तिथे पाहुणा म्हणून गेलेला माणूसही तासाभरात सगळ्यांबरोबर वाजवून येतो. 2010 मध्ये आंगक्लुंगचं नाव युनेस्कोच्या यादीत गेलं. तिथल्या मास्तरांनी परदेशी वाद्याची वाट पाहिली नाही. परसातला बांबू तोडला, स्वर लावले आणि मुलांच्या हातात दिले.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या शाळांना हेच करता येईल, मराठी असोत वा कानडी. बांधावर बांबू आहे, बुरुडाच्या आणि मेदाराच्या घरात बांबूची जाण असलेले हात अजून आहेत, गावोगावी पेटी वाजवणारा आणि सूर पारखणारा एक तरी माणूस आहे. या तिघांना एका ओसरीवर बसवायचं काम शाळेच्या मास्तरांनी आणि बाईंनी अंगावर घ्यावं. येत्या थंडीत, बांबू तोडीला आला की एक कांडं कापून आणावं, संक्रांतीपर्यंत सावलीत वाळू द्यावं, आणि मग पाच सुरांचं एक अलगूज करून तिसरीच्या वर्गातल्या एका पोराच्या हाती द्यावं. ते त्याच तासाला वाजेल.